सागरप्रवाह आणि सागरी प्राण्यांची सोयरीक

वरच्या इयत्तांच्या भूगोलात सागरप्रवाहांचा नकाशा असतो. त्यावर उष्ण प्रवाह तांबड्या बाणांनी व शीत प्रवाह निळ्या बाणांनी दाखविलेले असतात. शाळाभेटीच्या वेळी हा पाठ ऐकण्याचा प्रसंग पुष्कळदा येतो. मुले गल्फ प्रवाह, लॅब्राडोर प्रवाह ही नावे बिनचूक सांगतात. कोणत्या प्रवाहामुळे कोणता किनारा उबदार राहतो, हेही सांगतात. परंतु "या पाण्याबरोबर आणखी काय वाहत जाते?" असे विचारले की वर्ग बहुधा शांत होतो. बाण नकाशावर पाठ झालेले असतात, पण त्यांतून काही वाहते आहे अशी कल्पना मुलांच्या मनात उभी राहिलेली नसते.

या पाण्याबरोबर सागरी प्राण्यांची असंख्य पिले वाहत जातात. ती कोठे जाऊन वाढतात, यावर कोणत्या किनाऱ्यावरील प्राण्यांचे कोणत्या किनाऱ्यावरील प्राण्यांशी रक्ताचे नाते राहील, हे पुष्कळ अंशी ठरते. प्रस्तुत लेखात या विषयाची शिक्षकांना उपयोगी पडेल अशी माहिती, वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग आणि काही प्रश्न दिले आहेत. भूगोल व सामान्य विज्ञान या दोन्ही विषयांचा येथे सहज समन्वय साधता येईल.

मूळ कल्पना

प्रत्येक सजीवाच्या पेशींत जनुके असतात. आईबापांचे गुण संततीत उतरतात ते या जनुकांच्या द्वारे. एकाच जातीच्या सर्व प्राण्यांची जनुके अगदी एकसारखी नसतात. त्यांत लहानमोठे भेद असतात. या भेदांनाच आनुवंशिक विविधता असे म्हणतात.

हे भेद एका समूहातून दुसऱ्या समूहात कसे जातात, हे समजाविण्यासाठी सोयरिकीचे उदाहरण घ्यावे. दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत असतील, तर दोन्ही गावांतील माणसांचे रक्त एकमेकांत मिसळत राहते. परंतु मध्ये दुर्लंघ्य घाट असेल आणि येणेजाणेच नसेल, तर दोन्हीकडील माणसे आपापल्या परीने बदलत जातात. समुद्रातही असेच घडते. फरक एवढाच की, तेथे घाटही पाण्याचा असतो आणि रस्ताही पाण्याचाच असतो.

येथे मुलांची एक समजूत आधीच दूर करावी. मोठा मासा दूरवर पोहत जातो, म्हणून समुद्रात सर्वत्र सरमिसळ होते, असे त्यांना वाटते. वस्तुतः कित्येक सागरी प्राणी मोठेपणी फारसे हलत नाहीत. कालव खडकाला चिकटून बसते. प्रवाळ जागच्या जागी वाढते. खेकडा किनाऱ्याच्या आसपासच वावरतो. दूरचा प्रवास करतात ती त्यांची अंडी आणि पिले. ही पिले आकाराने अत्यंत लहान असून बहुधा आईबापांसारखी दिसतही नाहीत. शास्त्रीय परिभाषेत त्यांना डिंभ म्हणतात. डिंभाला प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसते. काही जातींचे डिंभ काही तासच तरंगतात, काहींचे कित्येक आठवडे, तर काहींचे कित्येक महिने. या काळात पाणी नेईल तिकडे ते जातात.

दुसरी समजूत याहून सूक्ष्म आहे. प्रवाहामुळे प्राण्यांची जनुके बदलतात, असे वाक्य मुले चटकन लिहून जातात. ते चुकीचे आहे. प्रवाह जनुकात काहीही बदल करीत नाही. कोणाचे पिलू कोठे पोचेल आणि म्हणून पुढे कोणाची कोणाशी जोडी जमेल, एवढेच तो ठरवितो. हा भेद शिक्षकांनी फळ्यावर स्वतंत्र वाक्यात लिहून द्यावा.

जोडणारा प्रवाह : युरोपातील ईल मासा

ईल हा सापासारखा लांबट मासा आहे. कोकणातील मुलांनी वाम पाहिलेली असते. तिच्यावरून त्यांना ईलच्या आकाराची कल्पना देता येईल. युरोपातील ईल नॉर्वेपासून उत्तर आफ्रिकेपर्यंतच्या नद्या, तळी व खाड्या यांत आढळतो. तो गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे वाढतो आणि मग एके दिवशी नदी सोडून समुद्रात निघून जातो. नदीतील ईलच्या पोटात पक्व अंडी कोणालाही आढळली नव्हती. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने तर ईल चिखलातून उत्पन्न होतो असा तर्क केला होता.

१८९६ साली इटलीतील ग्रासी आणि कालांद्रुच्चिओ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, समुद्रात सापडणारा, पानासारखा चपटा व पारदर्शक असा जो एक लहान जीव निराळा मासा म्हणून ओळखला जात होता, तो खरोखरी ईलचाच डिंभ आहे. पुढे डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांना १९०४ साली फेरो बेटांच्या पश्चिमेस असाच एक डिंभ मिळाला. तो सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब होता. किनाऱ्यापासून इतक्या दूर तो कोठून आला असेल, या एका प्रश्नाचा त्यांनी पुढे जवळजवळ अठरा वर्षे पाठपुरावा केला.

त्यांची पद्धत इतकी सरळ आहे की ती मुलांकडूनच काढून घ्यावी. पिलू जन्मस्थानाजवळ सर्वांत लहान असणार आणि प्रवाहाबरोबर जसजसे दूर जाईल तसतसे मोठे होणार. म्हणून अटलांटिक महासागरात ठिकठिकाणी जाळे टाकावयाचे, मिळालेले डिंभ मोजावयाचे आणि नकाशावर त्यांची लांबी लिहीत जावयाचे. श्मिट यांनी स्वतः सफरी केल्या आणि व्यापारी जहाजांकडूनही नमुने मिळविले. पश्चिमेकडे व दक्षिणेकडे जावे तसे डिंभ लहान होत गेले. शेवटी सर्वांत लहान, एक सेंटिमीटरहूनही कमी लांबीचे डिंभ सारगासो समुद्रात मिळाले. हा समुद्र उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस भर महासागरात आहे. त्याच्या चारही बाजूंना किनारा नसून प्रवाह आहेत. १९२२ च्या सुमारास श्मिट यांनी आपला निष्कर्ष मांडला : युरोपातील ईलचे जन्मस्थान येथेच आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०२२ साली, अंगावर संदेश देणारी यंत्रे बसविलेले मोठे ईल अझोर्स बेटांपासून सारगासो समुद्रापर्यंत गेल्याचे प्रत्यक्ष नोंदले गेले.

सारगासो समुद्रात जन्मलेले डिंभ गल्फ प्रवाहात व पुढे उत्तर अटलांटिक प्रवाहात सापडून हजारो किलोमीटरांचा प्रवास करतात. युरोपच्या किनाऱ्याजवळ येताच त्यांचे काचेसारख्या पारदर्शक, सडपातळ माशांत रूपांतर होते व ते नद्यांत शिरतात. कोणते पिलू आयर्लंडच्या नदीत जाईल आणि कोणते इटलीच्या खाजणात, हे आईबापांवर अवलंबून नसते. आयर्लंडच्या नदीत वाढलेल्या मादीचे पिलू इटलीत जाऊ शकते. मोठे झाल्यावर सर्व ठिकाणचे ईल पुन्हा त्याच समुद्राकडे वळतात. म्हणजे सबंध खंडाची सोयरीक एकाच मांडवात जमते.

असे असेल तर सर्व युरोपातील ईल एकाच रक्ताचे असले पाहिजेत. ते तसे आहेत का? जनुके तपासण्याची साधने उपलब्ध होण्यापूर्वी श्मिट यांनी माशाच्या पाठीचे मणके मोजून याचे उत्तर शोधले. आइसलँडपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या ईलच्या मणक्यांची सरासरी एकच आली, सुमारे ११५. अमेरिकेच्या नद्यांतील ईल ही निराळी जात असून तिची सरासरी सुमारे १०७ आहे.

जनुकांची तपासणी सुरू झाल्यावर हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निरनिराळ्या ठिकाणच्या ईलमध्ये किंचित आनुवंशिक भेद आढळले आणि ठिकाणे जितकी दूर तितका भेद अधिक, असे दिसले. २००५ साली दुसऱ्या संशोधकांनी एकाच ठिकाणचे निरनिराळ्या वर्षांचे नमुने तपासले, तेव्हा असे आढळले की, दोन ठिकाणांतील भेदापेक्षा दोन वर्षांतील भेदच महत्त्वाचा आहे. एका वर्षी काही आईबापांची पिले योग्य वेळी योग्य पाण्यात सापडून वाचतात, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यांची वाचतात. म्हणून वर्षावर्षांत थोडा फरक पडतो. २०११ साली सारगासो समुद्रातील डिंभ आणि युरोपच्या किनाऱ्यावर आलेली पिले यांची एकत्र तपासणी झाली व युरोपातील सर्व ईल हा एकच समूह असल्याच्या मतास भक्कम आधार मिळाला. नमुना केव्हा घेतला, हेही नमुना कोठे घेतला याइतकेच महत्त्वाचे असते, हा विज्ञानाचा धडा येथे मुलांना आयताच मिळतो.

प्रवाहात न उतरणारा मासा

श्मिट यांनी तुलनेसाठी आणखी एक मासा घेतला होता. त्याला इंग्रजीत ईलपाउट म्हणतात. परंतु नावातील साम्यावरून तो ईलच्या कुळातील समजू नये. हा मासा डेन्मार्कच्या उथळ किनाऱ्यावर व लांब आत गेलेल्या खाड्यांत राहतो. त्याची मादी अंडी पाण्यात सोडीत नाही. पिले तिच्या पोटातच वाढतात आणि पूर्ण आकाराला आल्यावर बाहेर येतात. म्हणजे प्रवाहात तरंगण्याची अवस्थाच त्याच्या आयुष्यात नाही. पिलू जेथे जन्मते तेथेच जवळपास राहते.

या माशाचे मणके मोजले असता ईलच्या अगदी उलट प्रकार आढळला. खाडीखाडीप्रमाणे मणक्यांची सरासरी निराळी आली. इतकेच नव्हे तर, एकाच खाडीच्या मुखाशी ती अधिक आणि आत जावे तसतशी कमी, असेही दिसले. माता आणि तिच्या पोटातील पिले यांचे मणके ताडून पाहता हा गुण बऱ्याच अंशी वंशपरंपरेने उतरतो, असेही श्मिट यांनी दाखविले.

ही दोन उदाहरणे मुलांसमोर शेजारीशेजारी ठेवावीत. एक मासा हजारो किलोमीटर पसरलेला, पण एकाच समूहाचा. दुसरा काही किलोमीटरांच्या खाडीतही निरनिराळ्या समूहांत विभागलेला. नकाशावरील अंतर दोघांनाही लागू आहे. परंतु नाते अंतरावर ठरलेले नाही. ते पिलू पाण्यात किती काळ तरंगते, यावर ठरले आहे.

विभागणारा प्रवाह : भूमध्य समुद्राचे दार

प्रवाह नेहमी जोडतोच असे नाही. मुलांना युरोपच्या नकाशावर अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र दाखवावेत आणि विचारावे, "या दोन समुद्रांतील प्राण्यांची सीमा कोठे असेल?" बहुतेक मुले जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर बोट ठेवतील. अगदी अरुंद भागी ती सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे. तेव्हा असा तर्क स्वाभाविकच होय. परंतु कित्येक प्राण्यांच्या बाबतीत सीमा तेथे नसून तिच्या पूर्वेस, शेकडो किलोमीटर आत आहे.

याचे कारण असे. भूमध्य समुद्रातून बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडून जाते, तेवढे पाऊस व नद्या यांच्यापासून त्याला मिळत नाही. त्यामुळे त्याचे पाणी अधिक खारट होते. ही तूट भरून काढण्यासाठी अटलांटिकचे कमी खारट पाणी पृष्ठभागावरून आत येते आणि भूमध्य समुद्राचे जड, खारट पाणी तळाशी राहून बाहेर पडते. आत आलेले पाणी अल्बोरान नावाच्या पहिल्याच भागात दोन प्रचंड भोवऱ्यांत फिरते. दुसऱ्या भोवऱ्याच्या पूर्व कडेला, स्पेनमधील आल्मेरिया आणि अल्जीरियातील ओरान या दोन बंदरांच्या दरम्यान, नवे पाणी आणि जुने पाणी समोरासमोर येतात. अटलांटिकच्या दर हजार भाग पाण्यात सुमारे ३६ भाग क्षार असतात, तर पलीकडे सुमारे ३८. या सीमारेषेवर पाणी रेषेच्या लांबीने वाहते. तिला ओलांडून फारसे जात नाही. एका बाजूचे तरंगते डिंभ सहसा दुसऱ्या बाजूला पोचत नाहीत.

शिनाण्यांच्या कुळातील एका शिंपल्याचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला, आणि युरोपात सी बास नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशाचा १९९९ साली. दोहोंतही आनुवंशिक सीमा जिब्राल्टरला न येता या आल्मेरिया-ओरान रेषेच्या आसपास आली. (आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात, परंतु तो निराळ्या कुळातील मासा आहे.) म्हणजे जमिनीने उभारलेले अरुंद दार या प्राण्यांनी ओलांडले, मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्याच्या भिंतीपाशी ते थबकले.

तथापि ही भिंत सर्वांसाठी सारखी नाही. कित्येक जातींच्या बाबतीत तेथे कोणतीही सीमा आढळत नाही. डिंभ किती काळ तरंगतो, तो पाण्याच्या कोणत्या थरात राहतो, कोणत्या महिन्यात जन्मतो, पलीकडे पोचल्यावर तेथील पाण्यात तग धरतो की नाही, आणि फार पूर्वी हिमयुगांत त्या जातीचे समूह कसे विभागले गेले होते, या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणून नुसता प्रवाहाचा नकाशा पाहून प्राण्यांचे नाते सांगता येत नाही. प्रवाह पाहून तर्क करावा आणि प्राणी तपासून तो पडताळावा, हीच शास्त्रीय रीत होय.

एकाच दिशेने नेणारा प्रवाह : हिरवा खेकडा

पाटाच्या पाण्याचा अनुभव आपल्या खेड्यांतील मुलांना असतो. पाटाच्या वरच्या अंगाच्या शेतातले तणाचे बी खालच्या शेतात येते. खालच्या शेतातले वर जात नाही. समुद्रकिनाऱ्याने एकाच दिशेला वाहणारा प्रवाह असेच वागतो.

युरोपातील हिरवा खेकडा १८१७ च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रथम आढळला. जहाजांच्या द्वारे तो तेथे गेला असावा. पुढे तो हळूहळू उत्तरेकडे सरकत कॅनडातील नोव्हा स्कोशियापर्यंत पोचला. पण त्या किनाऱ्याचा प्रवाह मुख्यतः ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे वाहत असल्याने त्याची ही वाटचाल अतिशय मंद होती. त्यानंतर १९८० ते २००० या दोन दशकांत याच जातीचे, परंतु युरोपच्या अधिक उत्तरेकडील समूहातले खेकडे नोव्हा स्कोशियाच्या उत्तर भागात आले. जनुकांवरून ते पहिल्यांपासून वेगळे ओळखता येतात. हे नवे आलेले संख्येने थोडे होते, पण प्रवाहाच्या वरच्या अंगाला होते. त्यांचे डिंभ कित्येक आठवडे तरंगत खाली येऊ लागले व नव्या समूहाची जनुके जुन्या समूहात वर्षागणिक दक्षिणेकडे पसरत गेली. जुन्या समूहाची जनुके मात्र तितक्या सहजतेने वर चढू शकली नाहीत.

यावरून असे दिसते की, एकाच दिशेच्या प्रवाहात वरच्या अंगाचे थोडे प्राणीही खालच्या अंगाच्या पुष्कळ प्राण्यांचे भवितव्य ठरवितात. खालच्या समूहाला वरून भर मिळत राहते. वरच्या समूहाला मात्र आपलीच काही पिले आपल्याजवळ टिकवून धरावी लागतात, नाही तर तो नष्ट होतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा विशेषही येथे सांगावा. मोठ्या महासागरांतील पुष्कळ प्रवाह वर्षभर एकाच दिशेला वाहतात. परंतु आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा पालटतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. तेव्हा रत्नागिरीसमोर जुलैत जन्मलेले तरंगते पिलू आणि तेथेच डिसेंबरात जन्मलेले पिलू यांना पाणी विरुद्ध दिशांना नेणार. प्राण्याचा विणीचा महिना कोणता, या माहितीला आपल्या समुद्रात म्हणूनच विशेष महत्त्व आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

या प्रयोगास दोन तासिका पुरतात. साहित्य : दोन रिकामे डबे, शंभरएक चिंचोके आणि थोडा चुना. निम्म्या चिंचोक्यांवर चुन्याचा ठिपका द्यावा व ते वाळू द्यावेत. डबा म्हणजे एका किनाऱ्यावरील समूह, चिंचोका म्हणजे एक प्राणी आणि ठिपका म्हणजे जनुकातील भेद.

पहिला भाग : प्रत्येक डब्यात १० ठिपक्यांचे व १० साधे असे २० चिंचोके ठेवावेत. एका मुलाने डोळे मिटून एका डब्यातून ५ चिंचोके काढावेत. हे ५ पुढच्या पिढीचे पालक. उरलेले बाजूला काढून प्रत्येक पालकाची चार संताने याप्रमाणे पुन्हा २० चिंचोके डब्यात भरावेत. उदाहरणार्थ, ३ ठिपक्यांचे व २ साधे निघाले तर १२ ठिपक्यांचे व ८ साधे भरावेत. दुसऱ्या डब्याचेही तसेच करावे. अशा आठ पिढ्या कराव्यात आणि प्रत्येक पिढीतील ठिपक्यांची संख्या फळ्यावरील तक्त्यात मांडावी. दोन्ही डब्यांचा आरंभ सारखा असूनही ते बहुधा एकमेकांपासून दूर जातात. कित्येकदा एखाद्या डब्यातील ठिपके अजिबात नाहीसे होतात. कोणीही मुद्दाम निवड केलेली नसते. समूह लहान व एकटा असला म्हणजे केवळ योगायोगानेही विविधता गमावली जाते, हे मुलांना येथे प्रत्यक्ष दिसते.

दुसरा भाग : आरंभ तसाच ठेवावा. मात्र प्रत्येक वेळी पालक निवडण्यापूर्वी दोन्ही डब्यांतून न पाहता ५-५ चिंचोके काढून त्यांची अदलाबदल करावी. हा जोडणारा प्रवाह. आता डबे बदलले तरी बहुतेक बरोबरीने बदलतात. त्यांच्यात फार अंतर पडत नाही.

तिसरा भाग : वरच्या अंगाच्या डब्यात सर्व २० चिंचोके ठिपक्यांचे व खालच्या डब्यात सर्व २० साधे ठेवावेत. प्रत्येक पिढीत खालच्या डब्यातील ५ काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी वरच्या डब्यातील ५ घालावेत. वरच्या डब्याची तूट त्याच्याच ठिपक्यांच्या चिंचोक्यांनी भरावी. खालून वर काहीही जाऊ देऊ नये. त्यानंतर नेहमीप्रमाणे पालक निवडावेत. काही पिढ्यांत खालचा डबा ठिपक्यांनी भरत जातो. हिरव्या खेकड्याची हकीकत याच वेळी सांगावी.

निकाल अपेक्षेप्रमाणे न आला तर तो बदलू नये. दोन-तीन गटांकडून तोच प्रयोग करवून सर्वांचे तक्ते शेजारीशेजारी मांडावेत. योगायोग म्हणजे काय, हे एका तक्त्यावरून कळत नाही. अनेक तक्त्यांवरून कळते.

हे ज्ञान कशासाठी

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ईलच्या पिलांची संख्या १९८० नंतर शेकडा ९० हूनही अधिक घटली आहे. नद्यांवरील धरणे, अतिरिक्त मासेमारी, दूषित पाणी, परक्या जातीचा परोपजीवी जंत, समुद्रातील बदल अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. २००८ साली या जातीची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत करण्यात आली. हे सर्व ईल एकाच समूहाचे असल्यामुळे एखाद्या देशाला "आमचे ईल आम्ही राखले" असे म्हणता येत नाही. त्याने आपल्या नदीत राखलेल्या माशांची पिले दुसऱ्याच देशात जातील आणि त्याच्या नदीत येतील ती पिले दुसऱ्याच कोणी राखलेल्या माशांची असतील. म्हणूनच २००७ साली युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी एकच नियम केला : माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे प्रौढ ईल समुद्राकडे परतले असते, त्यांच्या वजनाने निदान शेकडा ४० तरी परतले पाहिजेत, अशी प्रत्येकाने योजना करावी.

ईलपाउटसारख्या माशाची स्थिती नेमकी उलट आहे. एका खाडीतील समूह नष्ट झाला तर शेजारच्या समुद्रातून त्याची भरपाई सहजासहजी होणार नाही. तेथे त्या खाडीच्या काठच्या लोकांनीच त्याची काळजी घेतली पाहिजे. आल्मेरिया-ओरान रेषेने विभागलेल्या जातींबाबतही एका बाजूची घट दुसऱ्या बाजूच्या विपुलतेने भरून निघेल, असे गृहीत धरता येत नाही. कोणते काम सर्वांनी मिळून करावयाचे आणि कोणते आपल्या गावीच करावयाचे, हे ठरविण्यासाठी प्राण्यांची सोयरीक कोठवर पोचते, हे आधी समजून घ्यावे लागते.

किनाऱ्यावरील शाळांतील मुलांपैकी पुष्कळांच्या घरी मासेमारीचा व्यवसाय आहे. अमुक मासा या वर्षी कमी का आला, याची चर्चा ती घरी ऐकत असतात. आपल्या बंदरात वाढणारे प्रत्येक पिलू आपल्याच बंदरात जन्मलेले असते असे नाही, आणि आपण समुद्रात राखलेली अंडावरची मादी दुसऱ्या कोणाच्या तरी जाळ्याची बेगमी करीत असते, ही गोष्ट त्यांना या पाठातून उमगली तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे. देशावरील शाळांतून पाटाचे पाणी व तणाचे बी यांच्या उदाहरणापासून आरंभ करावा आणि मग नकाशाकडे वळावे.

विद्यार्थ्यांना विचारावयाचे प्रश्न

१. आयर्लंडमधील नदीत वाढलेल्या ईलचे पिलू इटलीत का सापडू शकते? नकाशावर त्याचा मार्ग काढून दाखवा.

२. श्मिट यांना ईलचे जन्मस्थान कोणत्या युक्तीने सापडले? पिलांच्या लांबीचा त्यांनी कसा उपयोग केला?

३. ईल व ईलपाउट या दोघांच्या मणक्यांच्या सरासरीत जो फरक आढळला, त्याचे कारण चार वाक्यांत लिहा.

४. "प्रवाहामुळे प्राण्यांची जनुके बदलतात." या वाक्यातील चूक दाखवून ते दुरुस्त करा.

५. भूमध्य समुद्राचे पाणी अटलांटिकपेक्षा अधिक खारट का असते?

६. चिंचोक्यांच्या प्रयोगाच्या पहिल्या भागात दोन्ही डब्यांचा आरंभ सारखा असूनही शेवट निराळा का झाला?

७. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दिशा पालटतो. एखाद्या खेकड्याची पिले पावसाळ्यात जन्मली तर ती कोणीकडे जातील? हिवाळ्यात जन्मली तर?

शिक्षकांनी या प्रश्नांची उत्तरे आयती लिहून देऊ नयेत. पहिले दोन प्रश्न नकाशासमोर उभे करून तोंडी विचारावेत आणि सहावा प्रश्न प्रयोगाचे तक्ते फळ्यावर असतानाच सोडवून घ्यावा. प्रयोगाचे तक्ते शाळेत जपून ठेवून केंद्राच्या मासिक सभेत आणल्यास निरनिराळ्या शाळांचे निकाल एकत्र ताडून पाहता येतील आणि पुढील वर्षी हा पाठ घेणाऱ्या शिक्षकांनाही त्यांचा उपयोग होईल.